चाचांचं देणं

एखाद्या माणसाचं खरं रूप बाहेर आलं की माझी आजी म्हणायची, पितळ उघडं पडलं. आई म्हणायची, कलई खुल गई. इंदूरच्या मराठी घरांत भाषेचं असंच होत गेलं. देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, आणि माणसांचे कडू अनुभव बोलून दाखवायचे तर बहुतेक वेळा हिंदीच. अर्थ दोन्हींचा एक. वरचा पांढरा थर गेला, खालचा हलका धातू दिसला, माणूस कळला. मी हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातली कलई म्हणजे आमच्या अंगणात लावतात तीच, हे माझ्या ध्यानातही येत नसे. ते ज्यांच्यामुळे आलं ते राणीपुऱ्यात राहायचे आणि घरोघर फिरून कलई करायचे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मीही इथे तेवढंच म्हणते. आमचं घर बुडायला निघालं होतं त्या वर्षी त्यांनी ते बुडू दिलं नाही.

आमचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. मंदसौरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी इंदुरात आली. तिच्यामागोमाग जी मराठी कुटुंबं इथे रुजली त्यांतलं आमचं एक. जमीनजुमला माझ्या आठवणीत कधीच नव्हता. होती ती भांडी. पणजीच्या लग्नात पुण्याच्या तांबट आळीतून आलेलं तांब्याचं एक मोठं पातेलं होतं, त्याच्या अंगावर मठारकामाचे ठोके अजूनही बोटांना लागतात. त्याखेरीज पितळी तपेली, गंज, बोगण्या, पराती, आजीचा पाणी तापवायचा बंब. रोजच्या वापरात त्यांतली मोजकीच, बाकी माळ्यावर. पण दसऱ्याआधी एकदा आणि उन्हाळ्यात एकदा सगळी खाली उतरायची, कारण चाचा यायचे.

सायकलच्या मागे पोतं बांधलेलं, त्यात भाता, सांडशी आणि कोळसा. सोबत एक पोऱ्या. ‘बर्तन कलई करा लोऽ’ ही हाक गल्लीच्या तोंडाशी आली की आजी पदर खोचून उठायची. चाचा अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणायचे, भात्याची नळी त्यात पुरायचे, वर कोळसे रचायचे. तोवर पोऱ्या मोठ्या पातेल्यात उतरून उभा राही. तळाशी ओली वाळू आणि चिंध्या, त्यांवर त्याचे अनवाणी पाय, हातांनी भिंतीचा आधार, आणि कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पायांखालची वाळू भांड्याच्या आतला जुना मळ खरवडून काढत असे. ते पाहून मलाही पातेल्यात उतरायचं असायचं. आजी कधी उतरू देत नसे. चाचांनी मात्र एका उन्हाळ्यात भाता माझ्या हाती दिला आणि पुढे तो दरवर्षी माझाच झाला.

भांडं तापलं की ते त्यात नवसागराची चिमूट टाकायचे. एकदम पांढरा धूर उठायचा, नाकात घुसायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. धुराच्या आतच त्यांचा हात चालू असे. कथलाची कांडी तळाला टेकवायची, ती लोण्यासारखी वितळायची, आणि कापसाच्या बोळ्याने ते चकाकतं पाणी भांडंभर फिरवायचं. क्षणात लालसर तळ रुपेरी व्हायचा. मग सांडशीने भांडं पाण्यात, आणि चर्रर्र आवाज. नवसागर तापला की त्यातून सुटणारा आम्लवायू धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि मगच कथील धरतं, हे मी पुढे होळकर सायन्स कॉलेजात शिकले. कथील २३२ अंशांना वितळतं आणि तांब्याला १०८५ लागतात, म्हणून भांड्याला काही होत नाही, हेही तिथेच कळलं. नंतर आयुष्यभर मी मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. पण त्या विषयाची ओढ लागली ती अंगणातल्या त्या धुरात, एरवी लागली नसती.

एकदा त्यांनी कथलाची नवी कांडी माझ्या कानाजवळ आणून हळूच वाकवली. आतून करकर असा बारीक आवाज आला, जणू काही तुटतंय. मी दचकले. ‘सुना? राँगा बोलता है,’ ते म्हणाले. शुद्ध कथील वाकवलं की त्याच्या आतल्या स्फटिकांची ठेवण झटक्याने बदलते आणि असा आवाज होतो. शिसं मिसळलेलं असेल तर कांडी गप्प राहते. बाजारातून माल घेताना चाचा प्रत्येक कांडी अशी कानाशी धरून वाकवत. दुकानदार कंटाळायचे. ते कंटाळत नसत.

१९८९ च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ते कापड मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहायचे. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. म्हणजे हिशेब लिहिणाऱ्या माणसाचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. शेठनी काही महिने पगार पाठवला, पुढे तो थांबला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांनी पाठवला तेवढाही दुसऱ्या कुणी पाठवला नसता. पण बाकीच्यांचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. बाबांचे मावसभाऊ, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, दर रविवारी सकाळी पोहे-जिलबी घेऊन आमच्याकडे यायचे. ते आधी दोन आठवड्यांनी येऊ लागले, मग महिन्याने, मग येईनासे झाले. बाबांच्या एका मित्राने घर बांधताना बाबांकडून बरीच मोठी रक्कम नेली होती. कागद नव्हता, शब्द होता. आई बाबांना घेऊन ती मागायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, कसले पैसे? बाबा त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेले होते, सगळं ऐकत होते, आणि त्यांना एक अक्षर बोलता येत नव्हतं. त्या खोलीतून बाहेर पडताना आईने बाबांच्या खांद्यावर ठेवलेला हात मला अजून दिसतो.

आई शिवणाची कामं घेऊ लागली. पुरत नव्हतं. औषधं होती, माझी अकरावीची फी होती, धाकट्याची शाळा होती. दिवाळी जवळ आली तेव्हा तिने माळ्यावरची भांडी खाली काढली आणि हातगाडीवर घालून बर्तन बाजारात नेली. मी सोबत होते. मोडीचा भाव काय असतो हे ज्याने आपली भांडी तराजूत घातली आहेत त्यालाच समजतं. ठोक्याचं काम, कुणाचं लग्न, कुठली आळी, हे काही त्या भावात येत नाही. वजन येतं. दुकानदाराने बंब मोजला, पराती मोजल्या, आणि तांब्याचं पातेलं काट्याला लावलं.

चाचा त्याच दुकानासमोर फळीवर बसलेले होते. हिंडणं वयाने झेपेना म्हणून त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी तिथे बैठक घातली होती. दुकानातून नवी-जुनी भांडी त्यांच्याकडे कलईला यायची, त्यावर त्यांचं घर चालायचं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पातेलं ओळखलं, हातातली सांडशी खाली ठेवली आणि उठून आले.

‘बाईसाब, ये क्या कर रही हो?’

आईने सांगितलं. रडली नाही. भाव काय मिळतोय तेही सांगितलं.

चाचांनी काट्यावरून पातेलं उतरवलं. दुकानदाराला विचारलं नाही, आईलाही विचारलं नाही. म्हणाले, हे विकून दोन महिने खाल, मग तिसऱ्या महिन्यात काय विकाल? यातच शिजवा ना. रामबागेत, शनि गल्लीत पोरं खोल्या घेऊन राहतात, हॉटेलात खाऊन पोट बिघडवतात, त्यांना घरचं जेवण घाला. एवढी मोठी भांडी या शहरात कुणाच्या घरात शिल्लक आहेत? ‘कलई मैं करूँगा। पैसे जब आएँ तब।’

दुकानदार चिडला. गिऱ्हाईक दारातून परत पाठवतोस, असं काहीसं तो मोठ्याने बोलला. चाचांनी उलट उत्तर केलं नाही. हातगाडीवर पातेलं चढवलं, पराती चढवल्या, बंब मात्र आईने विकू दिला, कारण त्या दिवशी हातात काहीतरी रोकड हवीच होती.

त्या भांडणाची किंमत त्यांनी काय मोजली, ते आम्हाला बऱ्याच महिन्यांनी कळलं. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने त्यांना फळी उचलायला सांगितली होती. त्यांनी पुन्हा सायकल काढली होती, त्या वयात, गुडघे दुखत असताना. आमच्याकडे ते महिन्याच्या महिन्याला येत होते आणि या गोष्टीचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. आईला ते बाजारातल्या दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी आईने स्वयंपाक केला, मुलांना वाढलं, आणि मग पहिल्यांदा ती बसून खूप रडली. बाबांच्या आजारपणात ती रडली नव्हती, मित्राच्या घरून परतताना रडली नव्हती. कुणी फिरलं म्हणून माणूस कोरडा पडतो. कुणी आपल्यासाठी स्वतःची भाकरी सोडली, हे कळल्यावर आतून हलतो.

खानावळ चालली. सुरुवातीला पाच-सहा मुलं, पुढे ओसरी भरून पंगत बसू लागली. खंडवा, बऱ्हाणपूर, देवास, जळगाव, अकोला, अशा ठिकाणांहून इंजिनिअरिंगला, मेडिकलला आलेली पोरं. ‘काकू, कढी वाढा,’ म्हणणारी मराठी आणि ‘भिया, रोटी इधर देना’ म्हणणारी माळवी, एका पंगतीत. आईची चिंचगुळाची आमटी आणि ताकाची कढी यांचं नाव झालं. आणि या दोन्ही पदार्थांसाठी कलई लागतेच. बिनकलईच्या पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हिरवट होतो, मळमळतं, पोट बिघडतं. रोज दोन वेळा चुलीवर चढणाऱ्या भांड्याची कलई वर्षभर टिकत नाही. तळाशी, जिथे ओगराळं फिरतं, तिथून ती आधी जाते. म्हणून चाचा महिन्याला यायचे. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे आईने वहीत लिहायला घेतले तेव्हा त्यांनी ते लिहू दिले नाहीत. पुढचे लिहू दिले.

अशाच एका दुपारी तो संवाद झाला. मी भात्यावर होते. काकांच्या घरी मुंज होती आणि आम्हाला बोलावणं नव्हतं, ते आदल्या दिवशी कळलं होतं. आई चाचांना पाणी द्यायला आली आणि न राहवून बोलून गेली, ‘एक-एक करके सबकी कलई खुल गई, चाचा।’

चाचांनी बोळा थांबवला. मला वाटलं ते हळहळतील, ‘ज़माना ही ऐसा है’ म्हणतील. त्यांना ते वाक्य एका कारागिराने ऐकावं तसं ऐकू आलं होतं. पातेल्याचा झिजलेला तळ त्यांनी आईकडे वळवला. ‘कलई तो खुलेगी, बाईसाब। रोज चूल्हे पर चढ़ेगा तो खुलेगी नहीं? जो टाँड पर रखा है, उसकी नहीं खुलती।’ मग पुन्हा कोळशाकडे बघत म्हणाले, पितळेत वाईट काय आहे? पितळ नसेल तर कलई बसणार कशावर? ती कुणाला फसवायला लावत नाहीत, अन्न चांगलं राहावं म्हणून लावतात. गेली तर परत लावायची. भांडं कुणी फेकून देतं का?

मला ते पटलं नाही. मी सतरा वर्षांची होते आणि मला काकांची भांडी, म्हणजे काका, फेकून द्यायचे होते. मी तसं बोललेही. माळ्यावरच्या भांड्याची कलई टिकते, तशी सुखात असलेल्यांची सज्जनता टिकते, यात कौतुक काय? चाचा हसले नाहीत. मुलगी चिडून बोलते आहे म्हणून त्यांनी ते झटकूनही टाकलं नाही. म्हणाले, हे तू बरोबर बोललीस, म्हणून तर चुलीवर चढलेल्या भांड्याला जास्त जपायचं.

आज या गोष्टीकडे बघताना मला वाटतं की आजीचं पितळ आणि आईची कलई, दोन्हींत पितळावर एक अन्याय आहे. जणू खालचा धातू लपवण्यासारखाच असतो. चाचांचं सगळं आयुष्य त्या खालच्या धातूच्या सहवासात गेलं होतं. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. माणसाचं वागणं-बोलणं, रविवारचे पोहे, विचारपूस, हे वरचं असतं आणि ते झिजतं, पैशाच्या भीतीने झिजतं, आपल्यावरही वेळ येईल या धास्तीने झिजतं. काकांचं तेच झालं असावं. त्यांच्या स्वतःच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती. बाबांच्या खुर्चीकडे बघून त्यांना काय वाटत असेल याचा मी त्या वेळी विचारही करू शकत नव्हते.

पण चाचांना सगळंच माफ होतं असं कुणी समजू नये. एका प्रसंगाने मला ते नीट दिसलं. लग्नसराईच्या आधी एका केटररने त्यांना बोलावलं. शंभरेक डेगी, पराती, कढया, एवढं काम त्या काळात कुणाला मिळत नव्हतं. घरोघर स्टेनलेस स्टील आलं होतं, प्रेशर कुकर आले होते, कलईवाल्याची हाक ऐकून दार उघडणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या. त्या दिवशी चाचा आमच्या अंगणात काम करत होते आणि केटररचा माणूस तिथेच कथलाच्या कांड्या घेऊन आला. माल आमचा, मजुरी तुमची, असा सौदा होता. चाचांनी एक कांडी उचलली, कानाशी धरून वाकवली. आवाज नाही. ती कागदावर ओढली. काळपट रेघ उमटली. कथलात शिसं मिसळलं की मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळू लागतं, कोळसा कमी लागतो, काम भराभर उरकतं, आणि शिसं कथलापेक्षा फार स्वस्त. दिसायला पांढरंच दिसतं. लग्नातल्या पाहुण्यांना काय कळणार? पण आंबट रस्सा उकळला की ते शिसं अन्नात उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं. चाचांना मेंदूचं शास्त्र माहीत नव्हतं. ‘ये ज़हर है’ एवढं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं.

त्यांनी कांडी परत दिली. माणूस म्हणाला, मजुरी वाढवून देतो. चाचा म्हणाले, ‘घिसी हुई पर तो मैं दस बार चढ़ा दूँ। मिलावट को हाथ नहीं लगाता।’ तो गेला. चाचांनी पुन्हा आमचं पातेलं घेतलं. त्या महिन्यात त्यांच्या घरी किती ओढाताण होती हे आम्हाला ठाऊक होतं, कारण त्यांचा मुलगा आदल्या आठवड्यात आईकडे पीठ मागायला आला होता.

झिजलेलं आणि भेसळीचं, हा फरक आईने तिथून उचलला आणि पुढे आयुष्यभर चालवला. काही वर्षांनी काका एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, बाबांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले, त्यांचा निकामी हात आपल्या हातात घेतला. आईने ताट वाढलं. तिने एकही जुना शब्द काढला नाही, आणि त्यानंतरचे रविवार काका शेवटपर्यंत चुकले नाहीत. बाबांच्या त्या मित्राला मात्र तिने कधी उंबरा ओलांडू दिला नाही. बाबा गेले तेव्हा ते सांत्वनाला आले होते. आईने दार अर्धं उघडून नमस्कार केला आणि दार लावलं. मला दोन्ही वेळा ती बरोबर वाटली. सगळ्यांना सारखीच क्षमा करणारी माणसं मला नीटशी कळत नाहीत. माझ्या आईला क्षमा कुठे करायची ते कळत होतं.

चाचांचीही कलई जायची. पोऱ्यावर ते फार ओरडायचे, एकदा त्यांनी त्याच्या पाठीत धपाटाही घातला, आणि आईने तिथल्या तिथे त्यांना सुनावलं. एका मे महिन्यात पैसे चार दिवस उशिरा मिळाले म्हणून ते आमच्या ओसरीवर सगळ्या पंगतीसमोर आईला नको ते बोलून गेले. मुलं जेवता जेवता थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, कोळसा पेटवला, न सांगता सगळी भांडी कलई करून दिली, आणि जाताना म्हणाले, ‘कल मेरी उतर गई थी।’ आईने त्यांना चहा दिला आणि त्या दिवसाची मजुरी वहीत लिहिली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

नव्वदच्या दशकात इंदूरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. ज्या गिरण्यांच्या झांक्या अनंतचतुर्दशीच्या रात्री बघायला सगळं शहर रस्त्यावर बसायचं, त्यांचे भोंगे बंद झाले. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याची सोडवणूक व्हायला डिसेंबर २०२३ उजाडलं, तोवर त्यांतले कितीतरी जण हयातही नव्हते. आमच्या मागच्या गल्लीत गिरणीतले बरेच लोक राहत. आईने त्यांच्या मुलांना उधारीवर जेवायला घातलं. तिला कुणी म्हणालं की तुमचं स्वतःचंच नीट बसलेलं नाही, तर ती म्हणायची, आमच्या पातेल्याला पण कुणीतरी उधारीवर कलई केली होती. ती उधारी काही घरांकडून आली, काहींकडून नाही. न आलेल्यांची नावं तिने कुणाला सांगितली नाहीत, मलाही नाही.

माझं एम.एस्सी. झालं, नोकरी लागली, धाकटा पुण्याला गेला, तेव्हा आईने ठरवलं की पहिल्या सहा महिन्यांचे न लिहिलेले पैसे आता चाचांना द्यायचे. ते घेईनात. मग त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह ठरला. चाचांना आमच्याकडचं श्रीखंड फार आवडायचं, पाडव्याला आई त्यांच्यासाठी वाटी बाजूला काढून ठेवायची. तिने जाहीर केलं की लग्नातलं गोड माझ्याकडून. चक्का बांधायला आमच्या घरातली सगळी धोतरं आणि पंचे निघाले, शेजारच्या दोन घरांच्या दोऱ्यांवरही गाठोडी लटकली. श्रीखंड आंबट, म्हणजे भांड्याची कलई अगदी नवी हवी. आदल्या रात्री, घरात पाहुणे भरलेले असताना, नवरीचा बाप सायकलवरून आमच्याकडे आला आणि त्याने स्वतःच्या हाताने पणजीच्या पातेल्याला कलई केली. मी तिशीकडे झुकले होते, तरी भाता माझ्याकडेच. श्रीखंडात आईने केशर जरा सढळ हाताने घातलं.

निकाहाच्या दुसऱ्या दिवशी चाचा पातेलं परत द्यायला आले. घासून, पुसून आणलेलं. म्हणाले, ‘लो बाईसाब, अब तो हिसाब बराबर।’

आई म्हणाली, ‘बराबर हो गया तो आप आना बंद कर दोगे। थोड़ा बाकी रहने दो।’

त्यांना ते मान्य झालं. दोघांनी बसून अगदी गंभीरपणे ठरवलं की दोन रुपये बाकी ठेवायचे. आईने वही काढली आणि तारीख घालून लिहिलं, चाचांचे देणे, २ रुपये. त्यानंतरही ते अनेक वर्षं येत राहिले, आई गेली त्या वर्षीसुद्धा आले, आणि तिच्यानंतर वर्षभरात तेही गेले.

त्यांचा मुलगा एसी-फ्रिज दुरुस्त करतो. नातवाने मात्र हे काम पुन्हा हाती घेतलं आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांची आवड परत आली आहे, हॉटेलवाले बोलावतात, तरुण बायका आजीच्या तपेल्या घेऊन त्याच्याकडे येतात. भाता आता विजेवर चालतो, पण कथलाची कांडी तो कानाशी धरूनच घेतो. गेल्या वर्षी मी त्याला आईची ती वही दाखवली आणि दोन रुपये पुढे केले. त्याने पान वाचलं, तारीख वाचली, वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘ये तो दादा और बाईसाब का मामला है, बुआ। मैं कैसे ले लूँ?’ आणि पातेल्याच्या मजुरीचे चारशे रुपये मात्र त्याने मोजून घेतले.